चित्राच्या वाटेवरचे धनी

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे तेच चित्र पुण्याच्या वाड्यांतून दिसू लागले, तेव्हा त्या चित्राच्या स्पष्टतेचा सारा हिशेब अंतर, उंची आणि गच्चीवरच्या अँटेनाचे तोंड एवढ्यातच संपत असे. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर एका घराने झेलली काय आणि दहा हजार घरांनी झेलली काय, तिला त्याचे सोयरसुतक नव्हते. शेजाऱ्याने नवा संच घेतला म्हणून आपल्या पडद्यावरचे चित्र मलूल होत नसे, आणि सारे गाव एकाच वेळी क्रिकेटचा सामना पाहावयास बसले तरी कोणाच्या वाट्याचे काही कमी होत नसे.

इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राची प्रकृती याच्या नेमकी उलट आहे. येथे जितके प्रेक्षक तितक्या स्वतंत्र धारा, आणि प्रत्येक धारेला ज्या वाटेने यावयाचे ती वाट समुद्रातील केबल एकाची, किनाऱ्यावरचे ठाणे दुसऱ्याचे, शहराशहरांमधील फायबर तिसऱ्याचे आणि इमारतीच्या जिन्यातून वर चढणारी वायर चौथ्याची, अशी अनेकांच्या हद्दींतून जाते. चित्र काढणाऱ्याने ते कितीही जीव ओतून काढलेले असो, आणि पाहणाऱ्याने कितीही किमती पडदा भिंतीवर टांगलेला असो, मधल्या एखाद्या हद्दीत दाटी झाली की चेहऱ्यांचे चौकोन होतात, संवाद तुटतात आणि पडद्याच्या मध्यभागी एक गोल चक्र फिरत राहते. म्हणून या चित्राच्या दर्जाचा इतिहास लिहू गेल्यास तो मोक्याच्या जागांचा आणि त्या जागा ज्यांच्या ताब्यात होत्या त्या धन्यांचा इतिहास होतो, आणि आपल्या देशापुरता त्यातील पुष्कळसा भाग मुंबईत घडलेला आहे.

मुंबईला हे स्थान आयते मिळालेले नाही. १८७० साली, त्या काळातील जगातले सर्वांत मोठे जहाज असा लौकिक असलेल्या 'ग्रेट ईस्टर्न'ने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी तारेची केबल टाकली आणि सुएझ, माल्टा, जिब्राल्टर या मार्गाने मुंबई कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील पोर्थकर्नोशी जोडली गेली. त्यापूर्वी विलायतेच्या तारा तुर्की मुलखातून खुष्कीच्या मार्गाने येत, आणि वाटेतील ठाण्याठाण्यावर इंग्रजी न जाणणारे तारमास्तर तो मजकूर पुढे पाठवीत असल्यामुळे तार पोहोचेपर्यंत दिवसचे दिवस जात व पोहोचली तरी तिचा अर्थ लागेलच अशी शाश्वती नसे. संदेशाचा दर्जा पाठविणाऱ्यावर नव्हे तर मधल्या वाहकांवर अवलंबून असतो, हा अनुभव हिंदुस्थानातील व्यापाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच घेतला होता, आणि समुद्रमार्गे येणारी, एकाच हाताखालची केबल त्यांना हवी होती ती याच कारणासाठी.

स्वातंत्र्यानंतर हा परदेशी दळणवळणाचा कारभार सरकारच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आणि १९८६ पासून विदेश संचार निगमाकडे आला. फोर्टमधील महात्मा गांधी रस्त्यावर या निगमाचे मुख्य कार्यालय होते, आणि देशाबाहेर जाणारा प्रत्येक शब्द त्याच्याच दरवाजातून जावा, अशी त्याची मक्तेदारी होती. याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेम लावून मिळणारा आरंभीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. हा आकडा किती तोकडा होता हे समजण्यासाठी, त्याच सुमारास आपल्या गल्लीबोळांतील दुकानांतून भाड्याने मिळू लागलेल्या व्हीसीडीचा दाखला घेता येईल. त्या तबकडीवरील चित्रासाठी सेकंदाला सुमारे ११५० किलोबिट लागत; म्हणजे तिच्यावरील एका सेकंदाचे चित्र त्या मोडेममधून आणावयाचे तर दोन मिनिटे, आणि एका तासाचे आणावयाचे तर पाच अहोरात्र लागली असती.

अशा अरुंद वाटेवरून चित्र पाठविण्याची कल्पना तरी कोणास सुचावी, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ज्या गणितात आहे त्याचे जनकत्व आपल्याच देशात जन्मलेल्या एका पुरुषाकडे जाते, आणि ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद यांनी १९७४ साली नटराजन आणि राव या दोन सहकाऱ्यांसह अमेरिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनातील छायाप्रकाशाचे रूपांतर काही मोजक्या संख्यांत करावे आणि डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून द्यावा, ही त्यातील पद्धती पुढे जवळजवळ सर्व चित्रसंक्षेपांचा पाया ठरली. वाट अपुरी पडली की पडद्यावर जे चौकोन उमटतात ते याच गणिताचे चौकोन होत. प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला येणारे तपशील इतके कापले जातात की त्यांच्या कडा उघड्या पडतात.

पुढे समुद्रातील केबली वाढल्या. १९९७ साली इंग्लंडपासून जपानपर्यंत जाणारी 'फ्लॅग' ही केबल मुंबईच्या किनाऱ्यास लागली आणि तिची आरंभीची क्षमता सेकंदाला १० गिगाबिट होती. या केबलीच्या मुंबईच्या ठाण्यावरून झालेला तंटा मला या सर्व इतिहासातील अत्यंत बोधक प्रकरण वाटतो. केबल फ्लॅग कंपनीची होती, परंतु ती ज्या ठाण्यावर जमिनीस लागत होती ते विदेश संचार निगमाच्या ताब्यात होते. २००२ साली निगमाची सूत्रे टाटा समूहाकडे गेली आणि पुढे दोन वर्षांच्या आत फ्लॅग रिलायन्सच्या मालकीची झाली, तेव्हा समुद्र एका प्रतिस्पर्ध्याचा आणि किनारा दुसऱ्याचा अशी स्थिती उत्पन्न झाली. फ्लॅगला मुंबईतील आपली क्षमता वाढवावयाची होती. ठाण्यात नवी यंत्रे बसविण्यास निगमाची संमती मिळेना. प्रकरण आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या लवादापुढे गेले आणि २००६ मध्ये निवाडा फ्लॅगच्या बाजूने लागला. जकातनाक्यावरील अंमलदाराने आडकाठी घातली तर पलीकडचा राजरस्ता कितीही रुंद असून उपयोग नसतो, तशी ही गत होती. जून २००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, किनाऱ्यावरच्या ठाण्यांत इतरांनाही वाजवी अटींवर प्रवेश द्यावा असे नियम केले. या दोन-तीन वर्षांत घरोघरच्या पडद्यावर जे चित्र अडखळत होते त्यातील काही अडखळणे तरी एका कुलूपबंद खोलीमुळे होते. पण चित्र थांबले की आपल्या संगणकास दोष देणाऱ्या गृहस्थास या खोलीचा पत्ता कोठून असणार?

समुद्रावरील या अवलंबनाचे दर्शन सर्वांना एकदम घडले ते ३० जानेवारी २००८ रोजी. अलेक्झांड्रियाजवळ दोन मुख्य केबली तुटल्या आणि भारताची परदेशाशी जोडलेली क्षमता निम्म्याच्या आसपास खाली आली. तत्पूर्वी, २००३ पर्यंत तर अशी स्थिती होती की मुंबईतील एका कंपनीच्या ग्राहकाने पुण्यातील दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरील चित्र मागितले तर ते अनेकदा अमेरिकेला वळसा घालून येई, कारण देशातल्या देशात या कंपन्यांची जाळी एकमेकांस भिडतच नव्हती. जून २००३ मध्ये 'निक्सी' या संस्थेची स्थापना होऊन मुंबई, नोएडा आदी ठिकाणी ती भिडविण्याची सोय झाली, तेव्हा कोठे हा द्राविडी प्राणायाम हळूहळू कमी होऊ लागला.

आता किनारा सोडून घराकडे वळू. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले आणि सेकंदाला २५६ किलोबिट वा त्याहून अधिक वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हणावे असे ठरविले. वर सांगितलेल्या व्हीसीडीच्या मापाने पाहिले तर हा वेग चौपटीहून अधिक कमी होता; २०१३ साली ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली तेव्हाही ते माप गाठले गेले नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिट झाली तेव्हा, व्हीसीडीची दुकाने बंद पडून कित्येक वर्षे लोटल्यावर, सरकारी व्याख्येतील ब्रॉडबँड त्या तबकडीचे चित्र न थांबता वाहून नेण्यास समर्थ ठरला. मधल्या काळात संक्षेपाची तंत्रे सुधारल्यामुळे तेवढ्याच चित्रास कमी जागा पुरू लागली हे खरे, आणि पुष्कळ कंपन्या किमान वेगाहून अधिक देत होत्या हेही खरे; तरी किमान किती द्यावयास हवे याविषयी आपण किती अल्पसंतुष्ट होतो हे या तारखा स्पष्टपणे सांगतात.

२००५ साली मुंबईत एमटीएनएलने आणि उर्वरित महाराष्ट्रात बीएसएनएलने ही जोडणी घरोघर देण्यास प्रारंभ केला. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय योजनेत महिन्याला मोजका डेटा मिळे, पण पहाटे दोनपासून सकाळी आठपर्यंतचा वापर मोजला जात नसे. या सहा तासांनी एका पिढीच्या सवयी घडविल्या. साताऱ्यात, सांगलीत, नगरात कॉलेजात जाणारी मुले दोनचा गजर लावून उठत, मोडेमवरचा हिरवा दिवा स्थिर झाला की यादी लावीत आणि पडद्याचा प्रकाश आईवडिलांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मॉनिटर बंद करून पुन्हा निजत. आठला पाच मिनिटे कमी असताना कोणीतरी उठून मोडेमचे बटण बंद करणे अत्यावश्यक असे, कारण त्याचा विसर पडला तर त्याची आठवण महिन्याअखेरचे बिल करून देई. २५६ किलोबिटच्या वेगाने सहा तासांत सुमारे ६९० मेगाबाइट उतरतात. म्हणजे एका रात्रीत एक सीडी भरेल इतके, एका चित्रपटाएवढे. हे प्रवाही चित्र नव्हते, साठविलेले चित्र होते. पण त्या साठवणुकीचे कारण वाहिनीची तोकडी क्षमता व तिचे दरपत्रक हेच होते, आणि काय पाहावे याबरोबरच केव्हा जागावे हेही ते दरपत्रक ठरवीत होते.

शहरांत याच सुमारास एक दुसरा धनी उदयास आला होता, आणि त्याचे श्रेय जितके द्यावयास हवे तितके कोणी दिलेले नाही. तो म्हणजे केबलवाला. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या इमारतींत एका व्हीसीआरवरून साऱ्या बिऱ्हाडांना चित्रपट दाखविण्यापासून याचा व्यवसाय सुरू झाला. १९९१ च्या आखाती युद्धाने आणि त्यानंतर आलेल्या उपग्रहवाहिन्यांनी तो फोफावला. १९९५ च्या कायद्याने त्यास नोंदणीची शिस्त लावली. ज्याच्या वायरी आधीच गच्चीगच्चीवरून गेलेल्या होत्या त्याच्याच हाती इंटरनेटची शेवटची वाट यावी हे क्रमप्राप्तच होते. दादर, गिरगाव, डोंबिवली, ठाणे येथील जिन्यांच्या वळणावर, विजेच्या मीटरशेजारी, पत्र्याच्या पेटीत एक स्विच बसविलेला असे. त्यातून निघालेल्या निळ्या-करड्या लॅन वायरी खिडक्यांच्या चौकटींतून घरात शिरत आणि पावसाळ्यात जोडावर पाणी उतरले की मजल्याचा मजला बंद पडे. केबलवाल्याचा पोऱ्या तासाभरात येऊन क्लिप बदलून देई. एवढी तत्परता मोठ्या कंपन्यांना त्या काळी कधी साधली नाही. परंतु चित्र नुसतेच संथ झाले असेल तर त्याचे उत्तर एकच असे: "वरूनच प्रॉब्लेम आहे."

हे उत्तर पुष्कळ वेळा अक्षरशः खरे होते. केबलवाला ज्या कंपनीकडून क्षमता घेई ती कंपनी आणखी मोठ्या कंपनीकडून घेई, आणि प्रत्येक पायरीवर तीच क्षमता अनेकांना वाटून दिलेली असे. सारे ग्राहक एकाच वेळी वापर करणार नाहीत हा त्या वाटपामागचा हिशेब होता, आणि ट्रायने २००९ साली घरगुती जोडणीसाठी या वाटपास १:५० अशी मर्यादा घालून दिली. पाने वाचणाऱ्या व पत्रे पाठविणाऱ्या ग्राहकांना हा हिशेब पुरेसा होता, कारण वाचणारा मनुष्य बराच वेळ वाहिनी रिकामी ठेवतो. चित्र पाहणारा ती क्षणभरही रिकामी ठेवीत नाही. रात्री जेवणे उरकून साऱ्या इमारतीने एकदम पडदे उघडले की तो हिशेब कोलमडे, आणि पन्नासातील प्रत्येकास आपल्या वाट्याचा खरा आकार दिसे.

चित्राचा दर्जा सुधारला तो वाटा वाढल्यामुळे, हे आपण सहज मानतो. माझ्या मते त्याहून मोठे कारण चित्राचा प्रवास आखूड झाला हे आहे. १९९८ साली एमआयटीतील टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी अकामाई ही कंपनी काढली, ती मूळ यंत्रावरील मजकुराच्या प्रती जगभर ग्राहकाच्या निकट ठेवाव्यात या विचारावर. पुढे गूगल आणि नेटफ्लिक्स यांनी स्वतःची साठवणीची यंत्रे इंटरनेट कंपन्यांच्या इमारतींतच नेऊन बसविली. आज नाशिकमध्ये जो चित्रपट क्षणार्धात सुरू होतो तो बहुधा मुंबईतील अशा एखाद्या यंत्रातूनच निघालेला असतो. त्याला समुद्र ओलांडावा लागत नाही.

परंतु यंत्र कोणाच्या इमारतीत बसवावयाचे, आणि त्याचे भाडे कोणी कोणास द्यावयाचे? अमेरिकेत हा प्रश्न उघड्यावर आला. २०१३ च्या अखेरीस कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्सचे चित्र महिन्यागणिक खराब दिसू लागले. घरात येणारी वाट पुरेशी रुंद होती, त्यासाठी ग्राहकाने पैसेही मोजलेले होते. दाटी होती ती दोन जाळी जेथे भेटतात त्या सांध्यावर, आणि त्या सांध्यावर जोडण्या कोणाच्या खर्चाने वाढवाव्यात याविषयी वाद होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी कॉमकास्टला मोबदला देण्याचे मान्य केले आणि थोड्याच आठवड्यांत चित्र सुधारले. ग्राहकाच्या घरी ना वायर बदलली होती, ना संच.

आपल्याकडे वाद निराळ्या रूपाने आला. २०१५ साली ट्रायने काढलेल्या विचारपत्रावर दहा लाखांच्या घरात नागरिकांची पत्रे गेली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचे निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. जुलै २०१८ मध्ये अडविणे, मंदावणे आणि पैसे घेऊन पुढे काढणे यांवरही बंदी घालण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. नागरिकांनी एका तांत्रिक विषयात एवढ्या हिरिरीने भाग घ्यावा ही आपल्या सार्वजनिक जीवनातील अभिमानाची गोष्ट आहे. तरी साठवणीची यंत्रे या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवली गेली, आणि ती स्वखर्चाने बसविण्याची ऐपत मूठभर कंपन्यांचीच असते. म्हणून कोल्हापुरात लघुपट करणाऱ्या तरुणाला स्वतःच्या संकेतस्थळावरून तो दाखविणे परवडत नाही. तो यूट्यूबच्या दारी जातो, कारण सांगलीच्या प्रेक्षकाच्या निकट पोहोचलेली कोठी तेथेच आहे.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. एका गिगाबाइटला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजण्याची सवय असलेल्या लोकांना तो आधी फुकट आणि मग नाममात्र दराने मिळू लागला, आणि चित्र पाहणे हा शहरातल्या फायबरवाल्यांचा विशेषाधिकार राहिला नाही. एव्हाना चित्र पाठविण्याची रीतही पालटली होती: ते काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रतींत तयार ठेवावा आणि वाट जशी मोकळी वा तुंबलेली असेल तशी प्रत फोनने क्षणोक्षणी निवडावी. या रीतीमुळेच जुलै २०१९ मधील भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी अडीच कोटींहून अधिक आणि नोव्हेंबर २०२३ मधील विश्वचषकाचा अंतिम सामना ५.९ कोटी लोकांना पाहता आला. मात्र हे तुकडे साठवून मग दाखवावयाचे असल्यामुळे फोनवरचे चित्र मागे राहते. चाळीत एका खोलीत टीव्ही आणि शेजारच्या खोलीत फोन चालू असला की बळी गेल्याचा ओरडा भिंतीपलीकडून आधी येतो आणि फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो.

मार्च २०२० मध्ये सारा देश घरात बसला तेव्हा दूरसंचार कंपन्यांना आपली जाळी कोसळण्याची भीती वाटली. २४ मार्चला चित्रसेवा चालविणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी एकत्रितपणे ठरविले की १४ एप्रिलपर्यंत मोबाइलच्या जाळ्यावर ४८० ओळींहून अधिक स्पष्ट चित्र द्यावयाचे नाही. वाहिनीच्या धन्याने विनविले आणि चित्राच्या धन्याने मानले. शुल्क भरणारा ग्राहक या बोलण्यात कोठेही नव्हता, तरी आणीबाणीच्या प्रसंगी तो निर्णय योग्यच होता असे मी मानतो.

त्यानंतर मात्र त्याच दूरसंचार कंपन्यांची मागणी पुढे आली की आमच्या जाळ्यावर सर्वाधिक भार टाकणाऱ्या चित्रकंपन्यांनी जाळे उभारण्याच्या खर्चात वाटा उचलावा. ही मागणी मला मान्य होत नाही. चित्राची धारा आपण होऊन कोणाच्या घरात शिरत नाही. ग्राहक ती मागतो आणि त्या मागणीसाठी दरमहा पैसे भरतो. दक्षिण कोरियात जाळे वापरण्याचे असे शुल्क चित्रकंपन्यांच्या माथी पडत आलेले आहे. तेथे एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स यांचा दावा वर्षानुवर्षे चालून सप्टेंबर २०२३ मध्ये आपसांत मिटला. ट्विच या कंपनीने तर त्या खर्चाला कंटाळून २०२२ साली कोरियन प्रेक्षकांसाठी चित्राची कमाल स्पष्टता ७२० ओळींवर आणली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील व्यवसायच बंद केला. सोलमधील घरांत येणारे फायबर जगातील उत्तमांपैकी एक गणले जाते, आणि ट्विचचे धूसर चित्र त्याच फायबरवरून येत होते.